आधीचा आकडा कुठे आहे?

सप्रेम आशीर्वाद.

धातुशास्त्राच्या पुरस्कारासाठीच्या तुझ्या अर्जाचा मसुदा आणि सोबतची चिठ्ठी, दोन्ही वाचलं. "एकही शोधनिबंध नावावर नाही, आणि केलं काय, तर लॅडल (वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं भांडं) वेळेत रिकामं केलं. याला पुरस्कार मागायचा का?" असं विचारतेस. मागायचा. त्यावर आणखी शाई घालवत नाही. माझी तक्रार मसुद्याबद्दल आहे. 'लक्षणीय' हा शब्द पानोपानी आहे, आणि सुधारणेआधी काय परिस्थिती होती याचा आकडा एकदाही नाही.

नोड्युलॅरिटी, म्हणजे ओतीव लोखंडातल्या ग्राफाइटच्या कणांत गोल कणांचं प्रमाण, 90 टक्क्यांच्या वर गेली, असं लिहितेस. कुठून वर गेली? आणि सँपल कुठल्या साच्यातलं? ग्राफाइट गोल व्हावं म्हणून वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालतात; ती ट्रीटमेंट झाल्या क्षणापासून मॅग्नेशियम धातूतून कमी होत जातं, काही जळून, काही गंधकाशी जुळून. ट्रीटमेंटपासून शेवटचा साचा भरेपर्यंतचा वेळ 8-10 मिनिटांच्या पुढे गेला की ग्राफाइटचा गोल आकार बिघडायला लागतो. म्हणजे लॅडलचं खरं रूप शेवटच्या साच्यात दिसतं. जुनी सँपलं शेवटच्या साच्यातली आणि नवी पहिल्या साच्यातली असतील, तर तुझी सुधारणा कागदावरच झाली. परीक्षकांत एक जरी फाउंड्रीवाला असला तरी तो पहिल्यांदा हेच विचारेल.

पॉलिशचंही तेच. एमरी पेपरवर घाईत, जोर देऊन घासलेल्या सँपलमधून ग्राफाइट उपटून निघतं. उरलेल्या खड्ड्याच्या कडा फाटलेल्या दिसतात आणि चांगला नोड्यूल (ग्राफाइटचा गोल कण) सुद्धा वेडावाकडा मोजला जातो. आधीची सँपलं एकाने घासली आणि नंतरची दुसऱ्याने नीट घासली, तर तू धातू मोजला की हात? जुने तुकडे कपाटात असतीलच. ते पुन्हा 1 मायक्रॉन डायमंड पेस्टपर्यंत पॉलिश कर, नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल) न लावता सूक्ष्मदर्शकाखाली 100 पटीत बघ आणि दोन्ही गट एकाच माणसाकडून मोजून घे. नायटल 2 टक्क्यांचं, ग्राफाइटभोवतीच्या लोखंडाचे घटक, फेराइट-पर्लाइट, बघायला, नंतर. फोटोवर नुसतं '100एक्स' लिहू नकोस. छापताना फोटो लहानमोठा झाला की ते खोटं ठरतं. मायक्रॉनची पट्टी फोटोतच हवी.

स्पेक्ट्रोमीटरवर शिल्लक मॅग्नेशियम 0.04 टक्के आलं, यावरही विसंबू नकोस. ऑक्साइड आणि सल्फाइड झालेलं मॅग्नेशियमही त्यात मोजलं जातं, आणि त्याचा ग्राफाइट गोल करायला काही उपयोग नसतो. वेळेची नोंद, मॅग्नेशियम आणि मायक्रोस्ट्रक्चर (सूक्ष्मदर्शकात दिसणारी रचना) ही तिन्ही एकाच हीटची, म्हणजे भट्टीच्या एकाच घाण्याची, दाखव. मधल्या काळात इनॉक्युलंट (ग्राफाइटचे कण नीट तयार व्हावेत म्हणून घालायचं मिश्रण) बदललं असेल तर तेही सांग. लपवलंस आणि कुणी विचारलं, तर सगळा अर्ज संशयात जाईल.

तुला हे कारकुनी वाटत असेल. 1883 सालचं बेसेमर सुवर्णपदक बघ. ब्रिटनच्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटने त्या वर्षी ते दोघांना दिलं, जॉर्ज स्नेलस आणि सिडनी गिलख्रिस्ट थॉमस. प्रश्न फॉस्फरसचा होता. तो पोलादात राहिला की पोलाद ठिसूळ होतं आणि तेव्हाच्या आम्लधर्मी अस्तराच्या कन्व्हर्टरमध्ये (लोखंडाचं पोलाद करायच्या भट्टीत) तो निघत नसे. स्नेलसने चुन्याच्या अस्तराचं पेटंट 1872 मध्येच घेतलं होतं. थॉमस लंडनच्या पोलीस कोर्टात कारकून होता, त्याचा नातलग पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. थॉमसने इन्स्टिट्यूटच्या 1878 च्या सभेत फॉस्फरस काढल्याचं सांगितलं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1879 मध्ये मिडल्सबरोच्या कन्व्हर्टरमध्ये ते करून दाखवलं, मग सगळे धावले. ओतण्याआधी फॉस्फरस किती, नंतर किती, याखेरीज ते सिद्ध करायला दुसरा मार्गच नव्हता. कोर्टातला कारकून की प्राध्यापक, हा प्रश्न तिथे गळूनच पडतो. तुझ्या शोधनिबंधांचंही तसंच.

पोलाद मंत्रालयाच्या राष्ट्रीय धातुशास्त्रज्ञ पुरस्कारांत तरुणांसाठी वेगळे गट आहेत. वयाची अट आणि गट त्या वर्षाच्या नियमावलीतूनच बघ, गेल्या वर्षीचा फॉर्म भरू नकोस. शिफारसपत्र मालकाचं नको, ते कौतुकच करणार. ज्या मशीनशॉपमध्ये तुमची कास्टिंग जातात तिथल्या इन्स्पेक्शनवाल्याला विचार, त्याच्याकडे परत पाठवलेल्या मालाची नोंद असते. पत्र त्यालाच लिहू दे, तू लिहून सही घेऊ नकोस. ग्राहक आकडे उघड करू देत नसेल तर आधीचं रिजेक्शन 100 धरून नंतरचं त्या प्रमाणात दाखव. भट्टीवरच्या ज्या माणसाने घड्याळाकडे बघत लॅडल हलवलं, त्याचं नाव अर्जात आलंच पाहिजे.

आधीचा आकडा नसलेला अर्ज मी पुढे पाठवत नाही. त्यावरून पुष्कळजण दुखावतात, मला हेकट म्हणतात. म्हणू देत. उत्तम कामं केवळ नोंद नव्हती म्हणून मागे पडतात आणि गुळगुळीत मराठी-इंग्रजीत लिहिलेली सामान्य कामं पुढे जातात, याची मला मनापासून चीड आहे. तुझं काम त्या पहिल्या गठ्ठ्यात पडू नये, म्हणून एवढा जोर.

आता बदल करण्याआधीच्या 3 महिन्यांच्या हीट-शीट काढ. कोऱ्या जागा कोऱ्याच ठेव, आठवणीने भरू नकोस. कंपनीची परवानगी आजच माग, तिला सगळ्यात जास्त दिवस लागतात. मग पहिलं वाक्य पुन्हा लिही: आधी इतकं, नंतर इतकं, मोजलं यांनी. तेवढं एकच वाक्य मला पाठव, बाकीचा मसुदा नंतर बघू.