गिरणगावातील आमचे हायस्कूल बंद पडले आहे. त्याचा इतिहास लिहिण्यासाठी सुरुवात कोठून करावी आणि माजी विद्यार्थी कसे शोधावेत?

सुरुवात जुन्या स्मरणिकांपासून करू नये, जनरल रजिस्टरपासून, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लालबाग-परळ भागातील ज्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी शिकलो, तेही आता बंद झाले आहे. त्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीवर मी होतो आणि तेथे झालेला वाद अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मजकूर जमवताना मुख्य लिपिकांनी कपाटातून रजिस्टरचे जाड, कापडी बांधणीचे खंड काढून दिले. प्रत्येक नावापुढे जन्मस्थळ, अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख आणि शेवटी शाळा सोडल्याचे कारण, असे रकाने होते. जुन्या खंडांत त्या शेवटच्या रकान्यात ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ हे शब्द ओळीने उतरलेले दिसत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्यानंतरच्या पानांवर ‘पालक गावी गेल्यामुळे’ व ‘सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले’ हे शेरे दाटीने येऊ लागले. त्यांतला एक शेरा, लाल शाईतला, माझ्या थोरल्या भावाच्या नावापुढे होता. वडील संपावर असल्याने तो नववीतूनच बाहेर पडला आणि भायखळ्याच्या भाजी बाजारात हमालीला लागला.

पुढे त्याने स्वतःचा टेम्पो घेतला. सुवर्णमहोत्सवासाठी त्याने मागितल्याहून अधिक वर्गणी दिली आणि मंडपाचे सामानही भाडे न घेता वाहून आणले. स्मरणिकेत मात्र त्याचे नाव ‘हितचिंतक’ या मथळ्याखाली छापले गेले, कारण ‘माजी विद्यार्थी’ म्हणजे येथून मॅट्रिक झालेला, असे समितीच्या अध्यक्षांनी ठरवून टाकले होते. मी हरकत घेतली, तेव्हा शाळेचे नाव काढणाऱ्यांनाच आधी जागा द्यावी लागते, असे उत्तर मिळाले. डॉक्टर, अभियंते आणि बँकेतील अधिकारी यांच्या छायाचित्रांनी पाने भरली, आणि निम्मा वर्ग कोठे गेला याविषयी त्या स्मरणिकेत एक ओळही आली नाही.

हेच गृहस्थ आता, पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले म्हणून शाळा बंद पडली, असे सांगत असतात. ते अर्धेच खरे आहे. गिरण्या बंद पडल्या, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहू लागले, चाळींतील कुटुंबे विरार-डोंबिवलीकडे किंवा कायमची गावी गेली. पटावर मुले यायची कोठून? पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, त्यांचे अन्यत्र समायोजन होते, आणि शिक्षकच नाहीत म्हटल्यावर उरलेले पालकही मुलांची नावे काढून घेतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. बंद शाळेचे दप्तर कोठे आहे, याची चौकशी आपल्या विभागाच्या शिक्षण निरीक्षक कार्यालयात करावी. ते तेथे असते किंवा त्यांनी नेमून दिलेल्या शाळेत असते. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील तिची फाइलही पाहावी. विश्वस्त कोण होते, इमारत कोणाच्या नावावर होती, ती विकण्यासाठी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी मागितली होती का, हे सारे तेथून कळू शकते. शाळा ‘आपोआप’ बंद पडली असे सांगणाऱ्यांशी बोलण्यापूर्वी ही फाइल अवश्य वाचावी. माजी विद्यार्थ्यांच्या शोधात जन्मस्थळाचा रकाना फार उपयोगी पडतो, कारण ‘गावी गेल्यामुळे’ या शेऱ्यातील गाव बहुधा तेच निघते. यादी हुद्द्यांप्रमाणे न लावता प्रवेश क्रमांकाप्रमाणे लावावी, आणि एक वर्षच शिकलेल्यालाही तीत घ्यावे. असे केले, तर हितचिंतकांसाठी वेगळे पान काढावे लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. रजिस्टरात जात आणि जन्मतारीख नोंदलेली असते, त्यामुळे कार्यालय ते सहजासहजी दाखवत नाही आणि माहितीच्या अधिकारातही वैयक्तिक तपशील नाकारला जाऊ शकतो. पाहायला मिळालेच, तर पानांची छायाचित्रे कोठेही टाकू नयेत, आणि कोणाच्याही नावापुढचा शेरा त्याला विचारल्यावाचून छापू नये. माझ्या भावाचा मी त्याला विचारूनच येथे लिहिला आहे.