मीटरमधला इंडिकेटरचा दिवा एलईडी केला, तर तो एकाच बाजूला का लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या बाइकच्या मीटरमधला इंडिकेटरचा बल्ब काढून एलईडी बसवला. आता डावीकडे वळताना तो लागतो, उजवीकडे नाही. मग बाहेरचे चारही बल्ब एलईडी केले, तर डावा देताच उजवेही मंद लुकलुकायला लागले आणि वेग दुप्पट झाला. वायरिंग जळलं का?

नाही जळलं. हेच सगळं मी माझ्या २००४ सालच्या शंभर सीसीच्या गाडीवर भोगलंय. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने मलाही "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल" असं सांगितलं होतं. शेवटी काम झालं ते रुपया-दोन रुपयांच्या दोन डायोडवर (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा बारीकसा पार्ट).

आधी मीटरवरचे बाण मोजा. डाव्या-उजव्याचे दोन वेगळे दिवे असतील तर काही भानगड नाही. एलईडी लावा, नाही लागला तर काढून उलटा बसवा, संपलं. पण दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असेल, तर त्या बल्बला स्वतःची अर्थ (करंट परत नेणारी, गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर) बहुतेक वेळा नसतेच. त्याचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरीला आणि दुसरं उजव्याच्या वायरीला जोडलेलं असतं. डावा दिला की करंट डाव्या वायरीतून मीटरच्या बल्बात जातो आणि तिथून उजव्या बाजूच्या बंद बल्बांमधून अर्थला. उजवा दिला की हाच प्रवास उलटा. मीटरचा बल्ब बारीक असतो, १.२ किंवा ३.४ वॅटचा. बाहेरचे दहा वॅटचे दोन बल्ब त्याच्यापुढे जाड तारेसारखे, त्यामुळे एवढ्याशा करंटने ते पेटत नाहीत. एक वायर वाचवायची ही युक्ती ज्याने काढली त्याला माझा नमस्कार, पण एलईडी जन्माला घालणाऱ्यांना त्याने विचारलं नव्हतं.

एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो. म्हणून तुमचा दिवा डावीकडे लागतो, उजवीकडे नाही. उलटा बसवलात तर उजवीकडे लागेल, डावीकडे नाही. आणि बाहेरही एलईडी लावल्यावर तो 'जाड तारेचा' रस्ता राहिला नाही. बाहेरच्या एलईडीला दहा-वीस मिलिअँपिअरही पुरतात, म्हणून दुसऱ्या बाजूचे दिवेही लुकलुकतात.

खात्री करायला मल्टिमीटरसुद्धा नको. मीटरमध्ये जुना साधा बल्ब परत लावा, उजव्या बाजूचे पुढचा-मागचा दोन्ही बल्ब काढून ठेवा आणि डावा इंडिकेटर द्या. बाहेरचे डावे दिवे लागले पण मीटरचा लागला नाही, तर वर सांगितलेलीच जोडणी आहे.

उपाय: मीटरच्या होल्डरकडे येणाऱ्या दोन्ही वायरी सोडवा. प्रत्येकीला एक १एन४००७ डायोड जोडा. त्याच्या काळ्या अंगावर एका टोकाला रुपेरी पट्टा असतो. पट्ट्याचं टोक होल्डरकडे, दुसरं टोक गाडीच्या वायरीकडे. पट्ट्याची दोन्ही टोकं एकत्र पिळून सोल्डर करा आणि तो सांधा एलईडीच्या प्लसला द्या. मायनस अर्थला. आता डावीकडून आलेला करंट उजव्या वायरीत शिरूच शकत नाही. सांध्यांवर काळी टेप गुंडाळू नका, उन्हाने तिचा डिंक पाघळतो आणि पावसाळ्यात आत पाणी शिरतं. श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) घाला.

अर्थ कुठून घ्यायची इथे मी स्वतः माती खाल्ली. मीटरमध्ये हाताला सोपी आली म्हणून न्यूट्रलच्या दिव्याची वायर घेतली. पार्किंगमध्ये स्टँडवर लावून पाहिलं, दोन्ही बाजूंना झकास. रस्त्यावर निघालो तर दिवा गुल. परत येऊन पाहतो तर पुन्हा चालू! दोन दिवस डोकं खाजवल्यावर उजेड पडला: ती वायर गिअरबॉक्सवरच्या स्विचला जाते आणि गाडी न्यूट्रलमध्ये असेल तेव्हाच अर्थ होते. स्पीडोमीटरच्या उजेडाच्या बल्बची अर्थ घ्या, ती कायमची असते.

वेग दुप्पट झाला त्याचं कारण वेगळं. जुना फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) किती करंट वाहतोय ते बघून चालतो. दहा वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे १.७ अँपिअर. एलईडीवर त्याचा आठवा-दहावा हिस्साही नसतो, मग फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. (आणखी जुन्या, पट्टी तापून चालणाऱ्या फ्लॅशरमध्ये पट्टी तापतच नाही, दिवे नुसते लागून राहतात.) दुकानदार लोड रेझिस्टर (जास्तीचा करंट खाऊन फ्लॅशरला फसवणारा) गळ्यात मारायला बघेल. घेऊ नका. दहा ओहमचा एक रेझिस्टर १४ वॅट नुसती उष्णता ओकतो; प्लॅस्टिकला टेकला तर वितळवेल, आणि बॅटरी वाचवायला एलईडी लावले होते ना आपण? एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. त्यातल्या बऱ्याच फ्लॅशरना तिसरी, अर्थची वायर लागते. नियमाप्रमाणे मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुक हवी. घड्याळ लावून एकदा मोजा.

फ्लॅशर आणि बल्ब पुण्यात नाना पेठेत मिळतील, डायोड आणि स्लीव्ह बुधवारातल्या तपकीर गल्लीत. बाहेरचे एलईडी पिवळ्या उजेडाचेच मागा. पांढरे लावले तर नारिंगी काचेतून लिंबू सरबतासारखं काहीतरी दिसतं, आणि दुपारच्या उन्हात मागच्याला तेही नाही. मीटरच्या हिरव्या काचेमागे मात्र हिरवा एलईडी उत्तम. इतका उत्तम की रात्री खडकवासल्याच्या पुढे अंधारात तो डोळ्यांत घुसायला लागला. शेवटी त्याला एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावला, तेव्हा माणसात आला.

गाडी नवी असेल, डिजिटल मीटरवाली, तर यातलं काहीही करू नका. तिथले दिवे बोर्डावरच सोल्डर केलेले असतात आणि वॉरंटी जाईल ती वेगळीच.

एक राहिलं. माझ्या नव्या फ्लॅशरचा टिकटिक आवाज येत नाही. पहिल्याच आठवड्यात डेक्कनपासून उजवा इंडिकेटर तसाच लावून कोथरूडला निघालो होतो. पौड फाट्याच्या सिग्नलला एक काका शेजारी येऊन थांबले, म्हणाले, "वळणार आहात, की नुसतीच रोषणाई?" त्या शनिवारी बारा व्होल्टचा छोटा बझर आणून डायोडच्या त्याच सांध्याला आणि अर्थला जोडला.