कन्नड अभिनेत्री कल्पना कोण होत्या? त्यांचा कोणता चित्रपट आधी बघावा?

कन्नड प्रेक्षक त्यांना ‘मिनुगु तारे’, म्हणजे लुकलुकता तारा, म्हणतात. बी. आर. पंतुलू यांच्या ‘साकु मगळु’मधून (1963) त्या पडद्यावर आल्या. खरं नाव झालं ते पुट्टण्णा कणगाल या दिग्दर्शकामुळे: ‘बेळ्ळी मोडा’, ‘गेज्जे पूजे’, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा ‘शरपंजर’.

सुरुवात ‘शरपंजर’पासूनच करा. कन्नड लेखिका त्रिवेणी यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. बाळंतपणानंतर कावेरीचं मानसिक संतुलन ढळतं. उपचार घेऊन ती बरी होऊन घरी येते, पण घरचे-दारचे तिच्याकडे वेडी म्हणूनच बघत राहतात. त्यात नवऱ्याचे बाहेर संबंध असल्याचं कळतं आणि ती पुन्हा कोलमडते. आनंदी, हौशी कावेरी ते उद्ध्वस्त कावेरी हा प्रवास कल्पनांनी असा उभा केलाय की अंगावर काटा येतो. बाळंतपणानंतरच्या आजाराबद्दल आपल्याकडे आजही दबक्या आवाजात बोललं जातं. हे तर पन्नास वर्षांपूर्वीचं काम! काहींना तो अभिनय भडक वाटतो, मला मात्र त्या भूमिकेला तेवढी धग हवीच होती असं वाटतं.

पुढे कामं कमी झाली, त्या नाटकांकडे वळल्या. 1979 च्या मे महिन्यात, ऐन पस्तिशीत, संकेश्वरजवळच्या गोटूर इथे त्यांचं निधन झालं. कोल्हापूरहून बेळगावला जाताना वाटेत लागतं तेच संकेश्वर.

‘शरपंजर’नंतर ‘गेज्जे पूजे’ बघा. देवदासी प्रथेवरचा आहे.