‘अनि त्यसपछि?’

अगं, तुझा मेसेज वाचला. इंटर्नशिप संपते न संपते तोच नेपाळला निघालीस, तेही सिंधुपाल्चोकच्या आरोग्य शिबिरात. ‘सर, सोबत काय काय नेऊ?’ असं विचारलंयस. सामानाचं शेवटी सांगतो.

मी त्या जिल्ह्यात गेलो तो २०१५ च्या जूनमध्ये. २५ एप्रिलच्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं तिथेच दगावली होती. आम्ही टाके घालायच्या तयारीने गेलो, पण तोवर दीड महिना उलटला होता. ताडपत्रीखाली टेबल मांडलं आणि समोर आली ती गुडघेदुखी, खोकला, बीपी आणि ‘ग्यास्ट्रिक’. पोटातल्या कुठल्याही जळजळीला तिथे हाच शब्द.

तिसऱ्या दिवशी एक आजी आल्या. बीपी १८०/११०, दोनदा मोजलं तरी तेवढंच. मी ॲम्लोडिपिन लिहिली, तीस गोळ्या हातात दिल्या आणि खूश झालो. शेजारी गावातली आरोग्य स्वयंसेविका बसली होती. ती म्हणाली, “अनि त्यसपछि?” म्हणजे, आणि त्यानंतर?

मला काही बोलता येईना. एकतिसाव्या दिवशी मी पुण्यात माझ्या ओपीडीत असणार होतो. शेवटी तिनेच सांगितलं: दोन तासांच्या पायवाटेवर स्वास्थ्य चौकी (तिथला छोटा सरकारी दवाखाना) आहे, तिथे बीपीची कोणती गोळी मिळते ते आधी विचारा आणि तीच लिहा. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. तू पोचलीस की टेबल मांडायच्या आधी चौकीतल्या माणसाला भेट. आपली औषधांची पेटी त्याच्या कपाटाशी जुळवून घे.

प्रत्येकाच्या हातात कागद दे. लिपी एकच, ही आपली चैन. पण तारीख लिहिताना जपून, तिकडे विक्रम संवत चालतो. माझा जून २०१५ म्हणजे त्यांचं २०७२ साल. स्वयंसेविकेला विचारून दोन्ही तारखा टाक. वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढ. माझा चंद्र पाहून एका आजोबांनी केळं का काढलंय म्हणून विचारलं होतं, तेव्हा जरा नीट काढ.

जुलाबावर ‘जीवनजल’ मागतील, तो त्यांचा ओआरएस. नुसतं पाकीट देऊ नकोस. घरातलं कोणतं भांडं एक लिटरचं, हे त्यांच्याकडूनच काढून घे.

आणखी एक, जरा कडक आवाजात. इथे जे एकटीने कधी केलं नाहीस, ते तिथे पहिल्यांदा करायचं नाही. गरीब माणूस नाही म्हणत नाही, म्हणून आपला हात त्याच्यावर बसवायचा नसतो. नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती परवानगी निघाली का, हे आयोजकांना आजच विचार. उडवाउडवी केली तर तिकीट रद्द कर, मला वाईट वाटणार नाही. पेशंटसोबत सेल्फी नको, हे तुला सांगायला नको.

आता सामान. बॅटरी, रेनकोट, जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि एक चांगली कात्री. गोळ्यांची स्ट्रिप अर्धी कापताना नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा पेशंटकडेच जाऊ दे. मी आठवडाभर उलटं करत होतो.

काठमांडूला उतरलीस की मेसेज टाक.

– सर