दूधसागर प्लायवूडवर कसा मावेल?

प्रश्न : आठ बाय चार फुटांच्या प्लायवर छोट्या आगगाडीसकट दूधसागरचा देखावा करायचा आहे, मापन १:८७ (खऱ्याच्या ८७वा भाग). धबधबा किती उंच ठेवू?

उत्तर : हिशेबाने गेलात तर छत फोडावं लागेल. दूधसागर साधारण ३१० मीटर उंच, म्हणजे १:८७ मध्ये साडेतीन मीटरहून जास्त. तेव्हा पूर्ण धबधबा सोडा. दगडी कमानींचा पूल आणि त्याच्या वर-खाली कोसळणारं पाणी एवढंच घ्या. कडा वरून धुक्यात विरघळू द्या. मी पुलाची उंची आधी ठरवेन आणि बाकी सगळं तिच्यावरून कापेन, कारण गाडी आणि कमान यांचं प्रमाण चुकलं की दूधसागर ओळखूच येत नाही.

चढाची मात्र तडजोड नको. दूधसागरवरून जाणाऱ्या कुळे ते कॅसलरॉक रेल्वे घाटात चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर रुळावर १ मीटर उचल. दोन मीटर रुळावर साडेपाच सेंटिमीटर उचल, बस्स. लांब मालगाडी असेल तर मागून ढकलणारं बँकर इंजिन हवंच. या घाटाची ती खरी ओळख आहे.

कड्याला थर्माकोलवर प्लास्टर ऑफ पॅरिस, रंग ओल्या दगडाचा काळपट. पाण्यासाठी पारदर्शक सिलिकॉनचे उभे ओघळ ओढा आणि सुकल्यावर कोरड्या ब्रशने पांढरा रंग फिरवा. कापूस लावू नका, त्यावर धूळ बसते. झाडी दाट आणि हिरवीगार ठेवा. जुलैतला दूधसागर करा, मार्चमधला नको. आणि पुलामागे हात जाईल एवढी जागा सोडा, गाडी घसरली तर उचलायला.