ट्यूब उघडली, आता ठेवायची कशी?

मृग जवळ आला की आमच्या दारव्ह्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात गळतीची गिऱ्हाइकं वाढतात आणि या सदराकडे येणारी पत्रंही. यंदाची बरीच पत्रं गळतीपेक्षा उरलेल्या मालाबद्दल आहेत. फटी आणि भेगा बुजवायच्या सिलंटची पैसे देऊन आणलेली अर्धी ट्यूब फेकताना जीव तुटतो, हे मला काउंटरच्या या बाजूनंही कळतं. म्हणून हा अंक उरलेल्या मालासाठी.

प्रश्न : काकाजी, मागच्या उन्हाळ्यात कूलरची टाकी गळत होती म्हणून यांनी सिलिकॉनची मोठी ट्यूब आणि गन आणली. टाकीला बोटभर लागलं असेल. उरलेली ट्यूब तोंडात खिळा खुपसून कूलरच्याच खिडकीत ठेवून दिली. दिवाळीत सिंकच्या कडेला लावायला काढली, तर गनचा घोडा दाबून हात भरून आला पण आतून काही निघेना. जाऊबाई म्हणतात फ्रिजमध्ये ठेवायला पाहिजे होती, सासूबाई म्हणतात पाण्यात बुडवून. खरं काय?
– एक गृहिणी, मोर्शी तालुका, जि. अमरावती

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण ट्यूब पाण्यात बुडवू नका. आपण सिलिकॉन वाळलं असं म्हणतो खरं, पण त्यातून उडून जायला पाणी नसतंच. उलट हवेतला ओलावा लागला की ते घट्ट होतं, तेही बाहेरून आत. पहिल्या दिवसात दोन-तीन मिलिमीटर, मग हळूहळू पुढे. पाण्यात ठेवली की त्याला पाहिजे तेच आपण आयतं पुरवतो.

तुमच्या ट्यूबचा घात खिडकीनं केला. मे महिन्यातली आपली दुपारची हवा इतकी कोरडी, की उघड्या तोंडाची ट्यूबसुद्धा त्यात सावकाश घट्ट होते. पण चालू कूलरच्या खिडकीत मे महिन्यातही श्रावण असतो. पुढे खरा श्रावणही तिथंच गेला. त्यात तो खिळा. नोझलचं तोंड तिरपं कापलेलं आणि खिळा गोल, म्हणजे भोवती फट राहणारच. शिवाय लावताना नाकात जाणारा आंबट वास आला असेल, तर तो ॲसिटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरमधल्याच ॲसिडचा. त्या जातीचं सिलिकॉन घट्ट होताना हे ॲसिड सोडतं आणि लोखंडी खिळ्याला गंज चढतो. खिळाच घालायचा असेल तर नोझलमध्ये घट्ट फिरून बसेल असा जाड स्टीलचा स्क्रू घ्या आणि त्याला व्हॅसलीन चोळा. चार-आठ दिवसांपुरतं चालतं. दिवाळीपर्यंत नाही.

जाता जाता कूलरबद्दल. टाकी जस्ती पत्र्याची असेल तर आंबट वासाचं सिलिकॉन लावूच नका, ते ॲसिड जस्ताला खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं मागा. थोडं महाग पडतं. सिमेंटच्या ओट्यालाही तेच बरं. आंबटवालं काचेला आणि टाइल्सला उत्तम.

आता ठेवायचं कसं. काम संपलं की पहिल्यांदा गनच्या मागची पत्ती अंगठ्यानं दाबून दांडा मागे ओढा. निम्मे लोक हे करत नाहीत. दांड्याचा दाब तसाच राहिला की सिलिकॉन रात्रभर नोझलमधून सरकत राहतं आणि सकाळी जमिनीवर वेटोळं पडलेलं दिसतं. पण दांडा ओढण्याआधी एकदा घोडा दाबून बोटाच्या पेराएवढं सिलिकॉन नोझलच्या बाहेर येऊ द्या आणि ते पुसू नका. ती शेपटी बाहेरच घट्ट होते, नोझलच्या तोंडाचं बूच बनते. पुढच्या वेळी शेपटी पकडीनं धरून ओढली की बूच अख्खं निघतं आणि मागून ताजा माल येतो. आठवड्या-दोन आठवड्यांत परत काम असेल तर एवढं पुरे.

महिनोन्महिने ठेवायची असेल तर बुचावर विसंबू नका. घट्ट झालेल्या सिलिकॉनमधूनही ओलाव्याची वाफ आत जात राहते, त्यामुळे बूच आतल्या बाजूनं लांब होत जातं. अशा वेळी नोझल फिरवून काढा. ट्यूबच्या आट्याच्या तोंडावर चिप्स-कुरकुऱ्यांच्या पाकिटाचा आतून चांदीसारखा दिसणारा तुकडा ठेवा आणि त्याच्यावरून नोझल पुन्हा घट्ट आवळा. दुधाच्या पिशवीचा तुकडाही चालतो, पण चांदीवाला ओलावा जास्त अडवतो. नोझलमध्ये उरलेलं सिलिकॉन घट्ट होऊ द्या, नंतर त्यात स्क्रू फिरवून ओढलं की रबराची कांडी सरळ बाहेर येते. ओलं असताना काडीनं कोरत बसाल तर हात, साडी आणि ओटा तिन्ही भरतील.

मग ट्यूब फिरकीच्या झाकणाच्या बरणीत घाला. औषधांच्या बाटल्यांत आणि नव्या चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या चार-पाच सोबत टाका. बरणी घराच्या मधल्या खोलीत ठेवा. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर असेल तर उत्तमच. टिनाखाली, न्हाणीच्या कोनाड्यात किंवा कूलरजवळ नको.

जाऊबाईंच्या फ्रिजचं म्हणाल तर थंडीत सिलिकॉन सावकाश घट्ट होतं, त्यात खोटं काही नाही. पण पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या ट्यूबवर लगेच दव धरतं आणि तशीच उघडली तर तो ओलावा थेट तोंडाशी. ठेवायचीच असेल तर बंद डब्यात, खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि काढल्यावर खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा. मला विचाराल तर ज्या फ्रिजमध्ये पोरं सारखी हात घालतात, त्यात ही वस्तू नको.

जुनी ट्यूब कामाला लावण्याआधी पुठ्ठ्यावर एक धार मारून बघा. थोड्या वेळात वर साय धरली आणि दुसऱ्या दिवशी रबरासारखी झाली तर माल जिवंत. दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत असेल, तर सिंकला लावून ते बिघडवू नका. जुनं सिलिकॉन नुसतं घट्टच होतं असं नाही, कधी ते घट्ट व्हायचंच विसरतं.

एक हिशेब सांगतो, पुढच्या खरेदीला कामी येईल. मोठी ट्यूब बहुधा २८० मिलीची. पाच मिलिमीटर जाडीची धार मारली तर त्यात १४ मीटरच्या आसपास काम होतं. २४ बाय १८ इंचाच्या सिंकचा घेर सव्वादोन मीटरही नाही. तुम्हाला हातानं पिळायची छोटी ट्यूब पुरली असती, आणि गनही लागली नसती.

प्रश्न : भाऊ, घराचं काम चालू आहे. खिडकीच्या चौकटी आणि प्लास्टर यांच्यातल्या भेगा भरायला मिस्तरीनं पांढरी अ‍ॅक्रेलिक ट्यूब आणली होती. उरलेल्या दोन ट्यूब सामानाच्या टिनाच्या खोलीत ठेवल्या. नोझलला टेप लावली होती, तरी पंधरवड्यात मागून-पुढून सुकल्या. थोडं पाणी टाकून नरम होईल काय?
– एक शेतकरी, पुसद तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, वरच्या ताईंना जे सांगितलं त्याच्या बरोबर उलटं तुम्हाला सांगायचं आहे, तेव्हा दोन्ही उत्तरं एकमेकांत मिसळू नका. अ‍ॅक्रेलिक सिलंटमध्ये पाणी असतं. ते उडून गेलं की माल घट्ट होतो आणि आक्रसतो. म्हणून त्याला ओलावा पाहिजे आणि ऊन नको. बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या खोलीत किती होतं, हे त्या खोलीत दुपारी पाच मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला सांगायला नको. तुमची टेप पुढून होती, पण मागचा चकतीसारखा पिस्टन मोकळाच. तिथूनही वाफ निघते.

म्हणून काम झालं की नोझल काढून पाण्यानं धुवा. हे सिलिकॉनला जमत नाही, अ‍ॅक्रेलिकला ओलं असेपर्यंत जमतं. तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून नोझल किंवा टोपी आवळा, मागच्या पिस्टनवर रुंद टेप मारा. मग ओलं करून पिळलेलं फडकं ट्यूबला गुंडाळा, ते सगळं पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. माठाच्या तिवईखालची जागा चांगली. अधूनमधून फडकं ओलं आहे का ते बघा.

सिलिका जेलच्या बरणीत ही ट्यूब कधीही ठेवू नका. दोन्ही ट्यूब दिसायला सारख्याच पांढऱ्या, म्हणून लोक एकाच डब्यात कोंबतात, आणि त्यातली एक हमखास मरते. माझ्या दुकानात मी उघडलेल्या ट्यूबवर मार्करनं ‘कोरडी ठेवा’ किंवा ‘ओली ठेवा’ असं लिहून ठेवतो. पोरगा नवा असो की जुना, चुकत नाही.

पाणी टाकून नरम करायचं म्हणाल तर ट्यूबच्या आत ते सारखं कालवलं जात नाही. वर पातळ आणि खाली गोळे राहतात, भेगेत भरल्यावर आणखी आक्रसतं. फक्त नोझलमधलं सुकलं असेल आणि मागचं मऊ असेल, तर तारेनं गोळा काढून टाका आणि वापरा. दोन्हीकडून कडक झाली असेल तर टाकून द्या.

आणि भेगा मृगाच्या आधी भरून घ्या. भरल्यावर पूर्ण घट्ट व्हायच्या आत पावसाची सर आली, तर सगळं दुधासारखं वाहून भिंतीवर ओघळतं.

प्रश्न : खिडक्या बसवणाऱ्या ठेकेदारानं पीयू (पॉलियुरेथेन) सिलंटची चांदीच्या कागदातली अर्धी गुंडाळी आमच्याकडे टाकून दिली. टिनाच्या स्क्रूच्या भोकांना वापरू म्हणतो, पण पावसाळा लागल्यावर. राहील काय?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : नाही राहणार. पीयूसुद्धा ओलाव्यानंच घट्ट होतं आणि फाडलेली गुंडाळी पुन्हा नीट बंद होत नाही. पीळ देऊन तारेनं आवळली तर चार-दोन दिवस मिळतील. पावसाची वाट कशाला पाहता, स्क्रूभोवतालचा गंज ब्रशनं काढा, कपड्यानं कोरडं पुसा आणि आजच संध्याकाळी टिन निवलं की लावून टाका. दुपारी टिनावर चढू नका.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत ठिबकची मेन लाइन आहे, पीव्हीसीची. जोडाला लागणाऱ्या सोल्युशनचा डबा दर हंगामात अर्धा उरतो आणि पुढच्या वेळी खिरीसारखा घट्ट निघतो. थिनर टाकून चालतं, असं एक जण म्हणाला.
– एक बागायतदार, वरुड तालुका, जि. अमरावती

उत्तर : चालत नाही. तुमचं सोल्युशन म्हणजे सॉल्व्हंट सिमेंट, ते पाइपाचं प्लॅस्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव करतं. त्यातला सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, उडाला की उरतो तो गोंद. रंगाचा थिनर किंवा पेट्रोल घातल्यानं तो पातळ दिसेल, पण पाइप विरघळवायची ताकद परत येत नाही. जोड त्या दिवशी टिकेल आणि पंपाचा दाब आला की भर उन्हाळ्यात निसटेल.

डब्याचं खरं दुखणं झाकणात असतं. ब्रश काठावर पुसला की काठावर थर चढतो आणि झाकण बसल्यासारखं वाटतं, बसत नाही. दर वेळी काठ आणि झाकणाचे आटे चिंधीनं पुसून मगच बंद करा. काम चालू असतानासुद्धा डबा उघडा ठेवून पुढच्या जोडाकडे जाऊ नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून ठेवू नका, बाटलीच विरघळू शकते. मोटरच्या टिनाच्या खोलीत, चुलीजवळ किंवा बिडी ओढता ओढता तर मुळीच नको. त्याची वाफ पेट घेते. बागेत वर्षभरात चार-सहा जोड होत असतील तर सगळ्यात छोटा डबा घ्या. तो मापाला महाग पडतो, पण दर वर्षी अर्धा मोठा डबा फेकण्यापेक्षा स्वस्त.

प्रश्न : नवी कोरी ट्यूब आणली, तीच आतून घट्ट निघाली. दुकानदार म्हणतो तुम्हीच उन्हात ठेवली असेल. घेतानाच ओळखता येते काय?
– एक वाचक, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : येते, आणि दुकानदार असूनही सांगतो. ट्यूबवर तयार केल्याची तारीख आणि किती महिने चालेल ते छापलेलं असतं. सिलिकॉनला साधारण वर्षभराची मुदत असते. बंद ट्यूबच्या प्लॅस्टिकमधूनसुद्धा थोडाथोडा ओलावा आत जातच असतो, त्यामुळे बंद आहे म्हणून ती अमर नाही. दुसरं म्हणजे मागच्या पिस्टनवर अंगठा दाबा. थोडं दबलं पाहिजे. दगडासारखं लागलं तर परत ठेवा. तिसरं, दुकानाच्या दर्शनी कपाटात दुपारचं ऊन येत असेल तर तिथली ट्यूब घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा. आतली आणायला कोणी कुरकुर केली, तर तारखेवर बोट ठेवा आणि बिल घ्या. बिल असलं की बदलून मागताना तुमचं म्हणणं टिकतं, आणि तुमच्या पत्रात नेमका बिलाचाच उल्लेख नाही.