बोटीचा एक्झॉस्ट तापतो : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनांविषयी पुणे परिसरातील धरणांवरून येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. या इंजिनांत बाहेरून ओढलेले पाणी गरम वायूत मिसळते आणि त्याच्यासह एक्झॉस्टमधून, म्हणजे धूर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडते.

प्रश्न : एक्झॉस्टमधून पाणी अचानक कमी पडू लागले आणि वाफ दिसते. (पानशेत)
उत्तर : इंजिन ताबडतोब बंद करून पाणी घेण्याचे तोंड आणि गाळणी तपासावी.

प्रश्न : पक्षी दाखवताना इंजिन तासन्‌तास मंद चालते. तापमानाचा काटा जागेवर असतो, पण मागच्या रबरी नळीचा चटका बसतो. काटा ठीक म्हणजे इंजिन ठीक, असे सर्वजण सांगतात. हंगाम संपेपर्यंत चालवावे का? (भिगवण)
उत्तर : एक दिवसही चालवू नये. ही ऐकीव समजूत मला सर्वांत घातक वाटते. काटा इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवतो, एक्झॉस्टचे नव्हे. शिवाय बाहेरून येणारे पाणी थोडे कमी झाले तरी थर्मोस्टॅट (पाण्याची वाट कमी-जास्त उघडणारी झडप) अधिक उघडून इंजिनातल्या पाण्याचे तापमान सांभाळतो, त्यामुळे बिघाड बराच काळ झाकलेला राहतो. भार असताना इंजिनाबाहेर पडणारा वायू ४०० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो, तर एक्झॉस्टची रबरी नळी साधारण ९३ अंशांपर्यंतच टिकते. या दोहोंमध्ये एल्बोत (वायू आणि पाणी एकत्र येतात त्या वाकड्या जोडात) मिसळणारे पाणी एवढाच आधार असतो. मंद चालीत काजळी साचून एल्बोची वाट अरुंद होते. नळीची एकच बाजू तापत असेल, तर पाण्याची काही छिद्रे बुजली असण्याची शक्यता मोठी आहे. जळलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड प्रवाशांपर्यंत पोहोचतो आणि त्याला वास नसतो. एल्बो उतरवून जाणकार मेकॅनिककडून आतून तपासून घ्यावा. बाहेरून तो धडधाकटच दिसतो.

प्रश्न : इम्पेलरची (बाहेरचे पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी चक्राची) दोन पाती तुटली. दुकानदार पंपासह सगळा संच बदलायला सांगतो.
उत्तर : पंपाचे आवरण आणि बेअरिंग न पाहताच संच विकणे हा निव्वळ धंदा आहे. इम्पेलर बदलावा, मात्र तुटलेले तुकडे सापडेपर्यंत काम संपले असे मानू नये, कारण ते पुढे हीट एक्स्चेंजरच्या (बाहेरच्या पाण्याने इंजिनातले पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकतात आणि नवा इम्पेलर बसवूनही एक्झॉस्ट तापतच राहतो. तुकडे सापडले नाहीत, तर मेकॅनिकला बोलवावे.

प्रश्न : इम्पेलर बसवताना साधे ग्रीस चालेल का?
उत्तर : नाही, त्याने रबर फुगते, ग्लिसरीन वापरावे.

प्रश्न : इंजिन सुरू होत नसेल तर वारंवार सेल्फ मारावा का?
उत्तर : मुळीच नाही. सेल्फ मारताना पंप पाणी ओढतच राहतो आणि एक्झॉस्टमध्ये साचलेले ते पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते, म्हणून बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद करून आधी कारण शोधावे आणि इंजिन सुरू होताच तो उघडावा.